सिंदखेडच्या जिजाबाई

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. तेथें जाधव सरदारांचा वाडा व मोती तलाव अद्यापि दिसतात. लखुजी जाधव यांची कन्या जिजाबाई ह्या गांवीं इ. स. १५९८ मध्यें जन्मल्या. राजमाता म्हणून त्यांची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु ओसाड भूमि पुन्हां पिकती करण्याचें त्यांचें काम शेतकरी कुटुंबांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

वेरूळच्या भोसले घराण्यांतील शहाजींशीं त्यांचा विवाह झाला. सन १६२९ मध्यें त्यांचे वडील व भाऊ निजामशाही दरबारांत दग्यानें मारले गेले. पुढील वर्षीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास दक्षिणेंत घोर दुष्काळ पडला, आणि विजापूरच्या फौजेनें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें. तेथें गाढवांचा नांगर फिरविला, असें परंपरा सांगते. भांडले राज्यकर्ते, शिक्षा मात्र जमिनीस व ती कसणाऱ्या गरिबांस झाली.

ह्या उजाड जहागिरींत जिजाबाई आपल्या मुलास घेऊन राहावयास आल्या. शापित मानलेल्या त्या भूमींत त्यांनीं सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला, अशी आख्यायिका आहे. दादाजी कोंडदेव कारभार पाहत असत. पळालेल्या कुळांस परत बोलावून जमिनी लावून दिल्या. सारा आरंभीं थोडा, पुढें क्रमानें वाढता ठेविला. पिकांची व गुरांची नासधूस करणाऱ्या श्वापदांचा बंदोबस्त केला. अशा रीतीनें रान मोडून शिवार उभें राहिलें. रयतेचे तंटेही जिजाबाई स्वतः ऐकत. रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें त्यांच्या वाड्यांतील विहीर आजही दाखवितात. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, तेथेंच त्यांचा अंत झाला.

सन २००६ मध्यें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस केंद्र सरकारनें विशेष साहाय्य दिलें, त्यांत बुलढाणाही होता. धनी गेल्यावर कर्ज, मुलें व शेत ह्या सर्वांचा भार विधवेवर पडतो. विहीर आटली म्हणजे दूरवरून घागर आणणारीही बहुधा तीच. असें असून सात-बाऱ्यावर तिचें नांव नसलें, तर तो न्याय कसा म्हणावा? वाचकहो, जिजाबाईंच्या जिल्ह्यांत राहून त्यांचा केवळ जयजयकार करणें पुरेसें नाहीं. आपल्या गांवांतील अशा एका तरी बहिणीबरोबर तलाठ्याकडे जाऊन तिचें नांव लावून घ्यावें, अशी आमची कळकळीची विनंति आहे.