डिझेल हे एका माणसाचे नाव
(इयत्ता चौथी)

डिझेल म्हटले की आपल्याला पंपावरचे तेल आठवते. ट्रॅक्टरला डिझेल लागते, मालाच्या ट्रकला लागते, विहिरीवरच्या इंजिनाला लागते. पण डिझेल हे आधी एका माणसाचे आडनाव होते. त्यांचे नाव रुडॉल्फ डिझेल. आणि गंमत म्हणजे त्यांचे इंजीन शेंगदाण्याच्या तेलावरसुद्धा चालले होते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस या शहरी झाला. हे शहर फ्रान्स देशात आहे, पण त्यांचे आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. छोटा रुडॉल्फ हातगाडीवर माल घालून गिऱ्हाइकांकडे पोचवी. १८७० साली फ्रान्स आणि जर्मन लोकांची लढाई जुंपली. मग पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. हे कुटुंब लंडनला गेले. तिथे काही भागेना, म्हणून रुडॉल्फला शिकायला जर्मनीतील ऑग्सबर्ग या गावी, नात्यातल्या एका गणिताच्या शिक्षकांकडे पाठवले. तेव्हा तो फक्त बारा वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, आणि आईवडील परदेशात!

पुढे ते म्युनिक येथे इंजिनिअरिंग शिकले. १८८० साली खूप चांगल्या मार्कांनी पास झाले. तिथे लिंडे नावाचे प्रोफेसर होते. त्यांच्या तासाला डिझेल यांना कळले की वाफेच्या इंजिनात कोळशाची बरीचशी उष्णता फुकट जाते. शंभर भागांतले जेमतेम दहा भाग कामाला येतात. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. पुढे बर्फ करण्याच्या यंत्रांची नोकरी करतानाही ते हाच विचार करीत होते.

आता त्यांची युक्ती सांगतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाला खाली हात लावून पाहा, चटका बसतो. हवा दाबली की तापते. डिझेल म्हणाले, आपण नुसती हवाच इतकी जोरात दाबू की ती लाल निखाऱ्यासारखी तापेल. मग तिच्यात तेलाचा फवारा सोडला की तेल आपोआप पेटेल. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी पाडायला प्लग लागतो, डिझेलच्या इंजिनाला तो लागतच नाही.

पण सांगायला सोपे. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्यांदा तेल पेटवले तर मोजमाप करायचे यंत्रच फुटले आणि त्याचे तुकडे जवळून उडाले. दगडी कोळशाची भुकटी घालायचा त्यांचा विचार होता, पण ते जमले नाही. १८९४ साली इंजीन आपले आपण चालले, तेसुद्धा फक्त एक मिनिट. १८९७ साली मात्र मोठ्या प्रोफेसरांसमोर परीक्षा झाली. शंभर भागांतले २६ भाग कामाला आले! आपल्या शाळेत २६ म्हणजे नापासच, पण तेव्हा तो जगात पहिला नंबर होता.

सुतार, लोहार, विणकर अशा लहान कारागिरांजवळ स्वतःचे इंजीन असावे, म्हणजे मोठे कारखाने त्यांना गिळणार नाहीत, असे डिझेल यांच्या मनात होते. पण ते इंजीन ३ मीटर उंच आणि साडेचार टन वजनाचे झाले. ते कुठल्या सुताराच्या घरात मावणार?

१९०० साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. एका कंपनीने तिथे एक छोटे डिझेल इंजीन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. फ्रान्सच्या सरकारला ते पाहिजे होते, कारण त्यांच्या ताब्यातल्या आफ्रिकेत भुईमूग पुष्कळ पिकायचा. इंजिनात काहीच बदल केला नव्हता, म्हणून बघणाऱ्यांना वेगळे तेल आहे हे फारसे कळलेच नाही. त्याच प्रदर्शनात फर्डिनांड पोर्शे नावाच्या तरुणाने केलेली विजेची मोटारगाडीपण होती. तिच्या पुढच्या चाकांतच मोटारी बसवल्या होत्या. म्हणजे आज आपली मोठी माणसे पारावर बसून विजेची गाडी बरी की तेलाची यावर वाद घालतात, ते दोन्ही १९०० साली एकाच जागी होते! पण त्या गाडीची शिशाची बॅटरी शेकडो किलोंची होती. आणि जमिनीतले तेल स्वस्त मिळू लागले. म्हणून दोघेही मागे पडले.

वनस्पतींचे तेल पुढे कधीतरी खनिज तेलाइतकेच महत्त्वाचे होईल, असे डिझेल यांना १९१२ सालीही वाटत होते. आता करंजाच्या बियांपासून बायोडिझेल करतात. मला ते आवडले, कारण करंज कोणी खात नाही. शेंगदाण्याचे तेल इंजिनात घातले तर आजी भाजीला काय घालणार?

डिझेल यांना खूप पैसे मिळाले, पण चुकीच्या ठिकाणी गुंतवल्याने ते बुडाले आणि कर्ज झाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते ड्रेस्डेन नावाच्या बोटीतून इंग्लंडला निघाले. रात्री जेवून खोलीत गेले, सकाळी पाहतात तर अंथरूण तसेच आणि डिझेल नाहीत. सुमारे दहा दिवसांनी समुद्रात त्यांचे प्रेत सापडले. त्यांच्या मुलाने खिशातल्या वस्तूंवरून ओळख पटवली. त्यांचे वय ५५ होते. बायको आणि तीन मुले मागे राहिली. त्यांच्या इंजिनावर चालणारी पहिली मोटारगाडी मर्सिडीजने १९३६ साली विकायला काढली, ती काही त्यांना दिसली नाही.

गुरुजींनी आम्हाला हिशेब सांगितला. आजचे चांगले डिझेल इंजीन शंभरात ४० च्या आसपास मार्क मिळवते, विजेची मोटार ८० च्या वर. पण चंद्रपूरला वीज करायला कोळसाच जाळतात, आणि तिथे निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. म्हणून विजेच्या गाडीचे ८० आधी तिथेच कमी होतात. सूर्याची वीज भरली तर मात्र तसे होत नाही. आणि गाडीमागे धूर तर नसतोच. १ जून २०२२ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आता अहिल्यानगर) एस.टी.ची विजेवरची शिवाई बस सुटली. तिच्यात डिझेलची टाकीच नाही.

बाबांना मी विचारलं, आपलं विहिरीवरचं इंजीन बदलायचं का? ते म्हणाले की शेताची लाईट पाळीने येते, कधी रात्री येते, म्हणून जोपर्यंत आपल्याकडे सौर पंप बसत नाही तोपर्यंत हे इंजीन विकायचं नाही.