ठिणगी आणि शिसे

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हटली की पत्रा, रंग आणि क्रोमचे काम लोकांच्या डोळ्यांत भरते. खरी कसोटी मात्र लागते ती बॉनेटखालच्या तारांपाशी. इंजिन उतरवले, खोलले, नव्या रिंगा घालून पुन्हा जागेवर बसवले, की वायरिंगचा गुंता समोर येतो. तारांवरचे कापडी वेष्टन कुजलेले, रंग उडालेले आणि कुठले टोक कुठे होते याचा पत्ता नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी घाई करत नाही. तो बॅटरीपासून निघतो, चावीच्या स्विचवरून कॉइलपर्यंत येतो, तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटपर्यंत जातो आणि मगच प्लगच्या जाड तारांना हात घालतो. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. त्यातली दोन टोके अदलाबदल झाली, तर इंजिन खोकते, फटाके वाजवते, पण धड चालत नाही. क्रम बरोबर असला, पण पहिला पिस्टन कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या वेळी वर आलेला धरला, तरीही सारी मेहनत वाया जाते.

ही मांडणी आजही तिच्या कर्त्याच्या नावाने, केटरिंग इग्निशन म्हणून ओळखली जाते. तिची युक्ती साधी आहे. बॅटरीचे ६ किंवा १२ व्होल्ट ठिणगी पाडायला अगदीच अपुरे. म्हणून कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक थोड्या फेऱ्यांचा आणि दुसरा हजारो फेऱ्यांचा. पहिल्यातून प्रवाह चालू असताना पॉइंट उघडून तो एकाएकी तोडला, की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. पॉइंटवर ठिणग्या उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी छोटा कंडेन्सर असतो. मिनिटाला ३ हजार फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात हा खेळ सेकंदाला १०० वेळा होतो. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३च्या ऑक्टोबरात निरोप घेतलेली काळी-पिवळी पद्मिनी आणि जुनी अ‍ॅम्बॅसडर याच तत्त्वावर चालत आल्या.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. मुलगा हुशार, पण डोळ्यांनी अधू. वाचायला बसला की डोके ठणकू लागे. काही काळ त्याने खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, मग ओहायो स्टेट विद्यापीठात नाव घातले. पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पोटासाठी तो टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत सामील झाला. खांब रोवायचे, तारा ओढायच्या, बिघाड कुठे आहे तो शोधत मैलोन्मैल जायचे, हे काम त्याला पुस्तकांपेक्षा मानवले. तब्येत सुधारल्यावर तो विद्यापीठात परतला आणि १९०४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, विद्युत अभियंता झाला.

डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याला नोकरी लागली. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला तेव्हा हाताने दांडा ओढावा लागे. केटरिंगने त्याला विजेची मोटर बसवली. ही मोटर दिवसभर फिरायची नव्हती; तिने क्षणभर जोर लावला की काम भागत होते. थोड्या वेळापुरता लहान मोटरीवर तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो, हे त्याने तिथे मनाशी पक्के केले. त्याच काळात कंपनीतला वरिष्ठ सहकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या कोठारात काही मित्र रात्री जमून मोटारीच्या इग्निशनची खटपट करू लागले. त्यातूनच १९०९ साली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजे ‘डेल्को’, निघाली. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ते इग्निशन आपल्या गाड्यांसाठी पसंत केले.

त्या काळी मोटार सुरू करणे हे पहिलवानी काम होते. पुढच्या बाजूने हँडल घालून इंजिन फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरून मनगट किंवा जबडा मोडायचे. मोटारनिर्माते बायरन कार्टर १९०८ साली वारले. हँडलच्या तडाख्याने झालेली जखम त्यांना भोवली आणि त्या दुःखातूनच लेलँड यांनी हँडलला पर्याय शोधायचे मनावर घेतले, असे सांगितले जाते. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच अवाढव्य मोटर लागेल, असे भल्याभल्यांचे मत होते. केटरिंगला मात्र गल्ल्याची मोटर आठवत होती. इंजिनालाही काही सेकंदांचाच धक्का हवा होता. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये स्टार्टर, दिवे आणि इग्निशन यांची एकत्रित विद्युत व्यवस्था आली. तिथला डेल्कोचा संच गाडी सुरू करताना मोटर होई आणि इंजिन चालू झाल्यावर जनरेटर बनून बॅटरी भरी. मोटार हाकायला दंडात बळ असण्याची अट गेली आणि बायकांना चाक हाती घेणे सोपे झाले. हँडल नको म्हणून बॅटरीवरची गाडी घेणारे ग्राहकही पेट्रोलकडे वळले. आज बॅटरीवरच्या गाड्या पुन्हा आल्या आहेत, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

१९१६ साली डेल्को विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० ते १९४७ अशी सत्तावीस वर्षे केटरिंग त्या कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख होता. पण एक खुपणारी गोष्ट त्याच्या मागे लागली होती. दाब वाढवला की इंजिन आतून ठोके देई, ताकद घटे, पिस्टन फुटत. प्रतिस्पर्धी त्याचे खापर त्याच्या बॅटरी इग्निशनवर फोडत. केटरिंगला ते मान्य नव्हते. दोष तारांत नसून इंधनात आहे, हे सिद्ध करायचे काम त्याने थॉमस मिजलीवर सोपवले. १९२१च्या डिसेंबरात मिजलीला उत्तर सापडले: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही पुरेसे नव्हे, जास्त होई. ठोके थांबले. केटरिंगचे म्हणणे खरे ठरले होते.

शिसे विषारी आहे, हे त्या वेळी नवे नव्हते. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात, हे केटरिंग आणि मिजली दोघांनाही ठाऊक होते. पण शिसे स्वस्त पडे आणि त्याच्या वापराचे पेटंट हाती राही. १९२४ साली एथिल कंपनी स्थापन झाली आणि केटरिंग तिचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे येथे या द्रव्याच्या विषबाधेने ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला, तर केटरिंगने शिशाची बाजू मांडली. काही महिने विक्री थांबली आणि १९२६ साली पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके या विषयावरचे बरेचसे संशोधन उद्योगाच्याच पैशावर, सिनसिनाटीतल्या केटरिंगच्याच नावाच्या प्रयोगशाळेत होत राहिले.

हा माणूस खलनायक नव्हता. १९४५ साली आल्फ्रेड स्लोन यांच्या जोडीने न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेला त्याचे नाव आहे. त्याच्या नावावर पावणेदोनशेहून अधिक पेटंटे जमा झाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी तो डेटन येथे वारला. पुढे सात वर्षांनी क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने हवेत आणि माणसाच्या अंगात शिसे किती पटींनी वाढले आहे, ते दाखवून दिले. मुलांच्या मेंदूवर होणारे त्याचे दुष्परिणामही यथावकाश स्पष्ट झाले. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली १९९६ साली. भारतातून ते २००० साली हद्दपार झाले आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली.

एकाच माणसाकडून या दोन्ही गोष्टी कशा घडल्या? टेलिफोनची तार असो की गल्ल्याची मोटर, बिघाडाच्या जागेपर्यंत चिकाटीने जायचे आणि अडथळा दूर करायचा, ही त्याची रीत होती. मोटारीच्या आत तिने चमत्कार घडवले, कारण तिथली प्रत्येक तार कुठेतरी संपते आणि चूक झाली तर इंजिन लगेच तक्रार करते. सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या धुराचे दुसरे टोक रस्त्याकडेला खेळणाऱ्या पोराच्या छातीत होते. ते मूल तक्रार करणार नव्हते. तिथवर माग काढणारी माणसे १९२५ साली त्याच्यासमोर उभी होती. त्यांचे म्हणणे त्याने मनावर घेतले नाही.

आज जुनी गाडी नव्याने उभारणाऱ्या मिस्त्रीला या माणसाचा हिशेब नकळत करावा लागतो. पेट्रोलमधले शिसे जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरून त्यांची झीज रोखत असे. आता ते नाही, म्हणून हेड उघडले की कित्येक इंजिनांत कठीण धातूच्या नव्या सीटा बसवतात. मग हेड बंद होते आणि तारांची पाळी येते. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग या क्रमाने केटरिंगने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आखलेला मार्ग पुन्हा जोडला जातो, चावी फिरते आणि इंजिन धरते. त्याची ठिणगी जागेवर असते आणि त्याच्या शिशावाचून गाडी चालू लागते.