गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कित्येक विद्यार्थी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करीत असतात. हातावर टाळी देत त्रितालाच्या सोळा मात्रा मोजाव्या, नवव्या मात्रेवर खाली दाखवावी, असा त्यांचा अभ्यास चालतो. या परीक्षेचें मूळ ज्यांच्या खटपटींत आहे, त्या विष्णुबुवा पलुसकरांची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

बुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें डोळ्यांस इजा होऊन दृष्टि मंदावली व शाळा सुटली. पुढें मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांचें गायनशिक्षण सुरू झालें. त्या काळीं तें शिक्षण कसें असे, हें आजच्या मुलांनीं ध्यानांत घ्यावें. क्रमिक पुस्तक नाहीं, ठरलेला अभ्यासक्रम नाहीं, वर्षांची मुदत नाहीं. गुरूची सेवा करावी आणि मर्जी होईल तेव्हां मिळेल तेवढें घ्यावें. शिवाय गवयाचा धंदा हलका मानला जाई. घरंदाज माणसें आपला मुलगाही तिकडे पाठवीत नसत, मग मुलीची गोष्ट दूरच.

१८९६ सालीं मिरज सोडून बुवा गांवोगांव फिरत लाहोरास पोहोंचले आणि ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं तेथें गांधर्व महाविद्यालय उघडलें. तें कोणा राजाच्या पदरीं नव्हतें; लोकांची मदत आणि जलशांचें उत्पन्न यांवर तें चाले. तेथें वर्ग होते, बुवांनीं लिहिलेलीं पुस्तकें व स्वरलिपि होती, आणि परीक्षा होती. परीक्षा हीच त्यांची मोठी युक्ति, असें आम्हांस वाटतें. ज्या विद्येचा अभ्यासक्रम छापलेला असतो व जिचें प्रशस्तिपत्र मिळतें, ती आपल्या मुलांस देण्यास आईबापांस संकोच वाटत नाहीं. लिपीनें गाणें निर्जीव होईल, अशी शंका घेणारेही होते. ती अगदींच खोटी नव्हे. भूपांतला गंधार कागदावर लिहितां येतो, पण तो लावावा कसा, हें गुरूच्या तोंडूनच कळतें.

१९०८ सालीं बुवांनीं मुंबईस विद्यालय काढलें. कर्जापायीं त्याची इमारत १९२४ सालीं लिलावांत गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस बुवा वारले, तेव्हां त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याच वर्षीं शिष्यांनीं मंडळ स्थापून परीक्षांचें काम पुढें चालविलें. आणि दत्तात्रेयास गाणें शिकविलें तेंही विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनींच.