काम एकीचे, शिक्का दुसऱ्याचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी भोपाळला मामांकडे गेले होते. मोती मशीद पाहताना मामांनी सांगितले, की ही एका राणीने बांधली. तिचे नाव सिकंदर बेगम. आपल्याला भोपाळ ठाऊक असते ते मराठ्यांच्या स्वाऱ्यांपुरते. 1812-13 मध्ये नागपूर व ग्वाल्हेरच्या फौजांनी या शहराला वेढा घातला, तेव्हा ते लढवणारे वजीर महंमद हे या बेगमांचे आजोबा. एवढे नाते निघाल्यावर मी त्यांचे चरित्र मिळवून वाचले.

1819 मध्ये वडील वारले तेव्हा सिकंदर तान्ह्या होत्या. आई कुदसिया बेगम यांनी कारभार हाती घेतला. पुढे सिकंदर यांचे लग्न झाले आणि सत्ता गेली नवऱ्याकडे. 1844 मध्ये ते वारल्यावर गादी लहान मुलीच्या नावाने झाली व 1847 पासून तिच्या वतीने कारभार सिकंदर बेगम पाहू लागल्या. त्यांनी राज्यावरचे कर्ज फेडले, न्यायालये व टपाल सुरू केले, लोकांना कळावे म्हणून दरबारी कामात फारसीऐवजी उर्दू आणली. त्यांच्या स्वतःच्या हक्काची गादी मात्र इंग्रजांनी 1860 मध्ये मान्य केली. तीही 1857 मध्ये त्यांनी इंग्रजांची बाजू घेतल्यानंतर. हे वाचून वाईट वाटते, पण चरित्रातून ते गाळता येत नाही.

1863 च्या अखेरीस त्या आईसह, मोठा लवाजमा घेऊन हजला निघाल्या. एका इंग्रज अधिकाऱ्याने व त्याच्या पत्नीने विनंती केली म्हणून त्यांनी प्रवासाची हकीकत उर्दूत लिहिली. जेद्दाला जकातीच्या लोकांनी सामान उघडून घातलेला गोंधळ त्यांनी नोंदवून ठेवला आहे. मी कॉमर्सची, त्यामुळे तिथेच जास्त रेंगाळले! पण त्यांची नजर केवळ हिशेबावर नव्हती. तिथल्या बायकांची गाणी, नाच, लग्नाच्या रीती, बाजार, सगळे त्यांनी कुतूहलाने पाहिले. सगळेच पसंत पडले असे नाही. नापसंतीही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिली. 1868 मध्ये त्या वारल्या आणि पुस्तक इंग्रजीत निघाले ते 1870 मध्ये. छापील पान काही त्यांनी पाहिले नाही.

मला राहून राहून आठवतात ती 1847 ते 1860 ही तेरा वर्षे. काम एकीचे, नाव दुसरीचे. आमच्या दुकानाची खतावणी आई कन्नडमध्ये लिहिते. मी मराठी शाळेत शिकलेली, तरी बेरजा तपासताना तिची चूक मला अजून सापडलेली नाही. बँकेत सही मात्र एकट्या बाबांची चालते. भोपाळहून आल्यावर जेवताना मी ही सगळी हकीकत सांगितली. बाबा हसले, काही बोलले नाहीत. आठवड्याने बँकेतून एक फॉर्म घेऊन आले. तो अजून कोराच आहे, कारण आई म्हणते, आता या वयात कशाला?

रविवारी तो मी भरणार आहे. सही तिने करायची आहे.

— तृतीय वर्ष, वाणिज्य