डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट

मनुष्य काम कसें करतो यावरून त्याची योग्यता ठरविण्याची जगाची रीत आहे. परंतु काम संपल्यावर तो काय करतो, या प्रश्नाकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. गिरणी सुटल्यावर मजूर दारूच्या गुत्त्यांत शिरतो कीं वाचनालयाची पायरी चढतो, यावर त्याच्या मुलाबाळांचें सुख पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. फुरसतीच्या वेळेची व्यवस्था हेंहि लोकसेवेचें एक अंग आहे, आणि लोकसेवेस शिकून तयार झालेलीं माणसें पाहिजेत, हा विचार ज्यांनीं मुंबईंत कृतींत उतरविला, त्या डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

डॉ. मॅन्शार्ट हे मूळचे अमेरिकेचे. त्यांचें उच्च शिक्षण शिकागो विद्यापीठांत झालें. या शहरांत जेन अॅडम्स या थोर बाईंनीं सन १८८९ सालीं गरीब वस्तीमध्यें हल हाऊस नांवाची संस्था काढिली होती. शिकलेल्या लोकांनीं गरिबांच्या शेजारीं बिऱ्हाड करून राहावें, त्यांच्या अडचणी जवळून पाहाव्या व त्यांच्याच साह्यानें त्या दूर कराव्या, असा तिचा हेतु होता. तेथें बालवर्ग, व्यायामशाळा, नाट्यगृह आणि मुलांचें क्रीडांगण हीं सर्व असत. पुढें नीव्हा बॉइड या बाईंनीं त्याच घरांत सन १९२१ मध्यें खेळ व करमणूक चालविणाऱ्या कार्यकर्त्यांकरितां एक शाळाच उघडली. खेळ, नृत्य व नाट्य यांबरोबर सामाजिक प्रश्नांचाहि अभ्यास तींत होत असे. मुलांना खेळविणें हें सुद्धां शिकावें लागतें, ही गोष्ट शिकागोनें अशी मान्य केली होती.

या नगरींतून डॉ. मॅन्शार्ट सन १९२५ सालीं अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी म्हणून मुंबईस आले. या मिशनच्या कार्यास मुंबईंत सन १८१३ पासून प्रारंभ झालेला होता. शाळा, छापखाने व दवाखाने यांच्या द्वारें सेवा करण्याचा त्याचा परिपाठ जुनाच. आतां शहराच्या दाट वस्तींत कार्य करावें असें ठरून सन १९२६ मध्यें नागपाडा नेबरहुड हाऊस, म्हणजे शेजाऱ्यांचें घर, स्थापन झालें आणि डॉ. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. नागपाड्यांत मुसलमान, हिंदू, यहुदी, ख्रिस्ती अशा नाना धर्मांचे लोक चाळींतून दाटीनें राहत. एका खोलींत सारें कुटुंब. मुलांना खेळावयास रस्ता, आणि कामाठीपुऱ्यांतील अनीतीचा बाजार हांकेच्या अंतरावर. अशा ठिकाणीं संध्याकाळचे दोन तास सकाळच्या आठ तासांहून अधिक धोक्याचे असतात, हें सांगावयास नको.

त्या घराचें दार सर्वांना उघडें होतें. पुस्तकें, वर्ग, व्याख्यानें, स्त्रियांकरितां व बालकांकरितां निरनिराळे उपक्रम आणि तरुणांकरितां खेळ यांची तेथें योजना झाली. मिशनरी माणसानें चेंडूफळीच्या मागें लागावें, हें स्वकीयांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटण्याजोगें होतें. उलट, यांत धर्मांतराचा कांहीं डाव तर नसेल ना, अशी शंका शेजाऱ्यांस येणेंहि साहजिकच होतें. डॉ. मॅन्शार्ट यांनीं आपल्या कार्याचें माप बाप्तिस्म्यांच्या संख्येनें केलें नाहीं. शेजाऱ्याची सेवा ही स्वतःच पुरेशी आहे, याच वृत्तीनें ते वागले. सन १९२९ व १९३२ या सालीं मुंबईंत भयंकर दंगे झाले, त्या काळांत हें घर मिश्र वस्तीच्या मध्यभागीं उभें होतें. हिंदु-मुसलमानांच्या प्रश्नावर त्यांनीं सन १९३६ मध्यें एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. नागपाड्यांतील बास्केटबॉलच्या परंपरेचा उगमहि या घराच्या खेळांशीं जोडला जातो. याच वस्तींतून पुढें अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू निघाला. त्यांनीं भारतीय संघाचें नेतृत्व केलें व सन १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविला.

परंतु एका घरानें शहराचें भागेना. अशीं शंभर घरें काढावयाचीं तर चालविणार कोण? सहानुभूति पुष्कळांजवळ असते. पण हिशेब ठेवणें, वस्तीची पाहणी करणें, भांडणाऱ्या दोन टोळ्यांना एका मैदानावर आणणें, हें नुसत्या सहानुभूतीनें साधत नाहीं. सर दोराबजी टाटा सन १९३२ सालीं निवर्तले व त्यांची संपत्ति लोकहिताच्या निधीकडे गेली. त्या निधीच्या साह्यानें सन १९३६ मध्यें नागपाड्यांतच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली. या विषयाची हिंदुस्थानांतील ही पहिलीच संस्था. पदवीधरांनीं येथें दोन वर्षें राहून अभ्यास करावा, व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष वस्तींत काम करावें व समाजसेवा-व्यवस्थेची पदविका घ्यावी, अशी योजना होती. डॉ. मॅन्शार्ट हेच तिचे पहिले संचालक. सन १९४१ पर्यंत त्यांनीं ती धुरा वाहिली. पुढें सन १९४४ मध्यें संस्थेस टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हें नांव मिळालें, सन १९५४ मध्यें ती देवनारला आली आणि सन १९६४ मध्यें तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. आपल्या मुंबईंतील कार्याचा वृत्तांत डॉ. मॅन्शार्ट यांनीं सन १९६७ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. ते आज आपल्यांत नाहींत. त्यांनीं लाविलें तें रोप मात्र आपल्या उपनगरांत वृक्षरूपानें उभें आहे.

विद्यार्थी मित्रहो, देवनार हें घाटकोपरहून फार दूर नाहीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड या बाजूंस जेथें एके काळीं भातशेतें व मोकळीं माळरानें होतीं, तेथें आज इमारतींची दाटी झाली आहे. नागपाड्याचा जुना प्रश्न आतां आपल्याच दारीं आला आहे. एखादें मैदान राखणें, वाचनालय चालविणें, शेजारच्या मुलांचा खेळ नीट लावून देणें, हीं कामें पदवीधराच्या योग्यतेस कमीपणा आणणारीं आहेत असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं या चरित्राचें मनन करावें. एका विद्वान माणसानें सातासमुद्रांपलीकडून येऊन आपल्या आयुष्याचीं सोळा वर्षें याच कामांत घातलीं, आणि तें शिकविण्यास विद्यालय काढण्याइतकें त्याचें महत्त्व जाणलें.