गणिती भाषेचे व्याकरणकार

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १७ डिसेंबर १९२० रोजी एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या केनेथ आयव्हर्सन यांची शाळा नववीनंतर सुटली. घरच्या शेतावर कामाला माणसे हवी होती. महायुद्धकाळात सैन्यात असताना त्यांनी राहिलेले शालेय शिक्षण टपालाद्वारे पुढे नेले. पुढे क्वीन्स विद्यापीठ आणि तेथून हार्वर्ड गाठून त्यांनी १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

हार्वर्डमध्ये शिकवताना बीजगणिताची रूढ चिन्हे त्यांना अपुरी आणि विसंगत वाटू लागली. आकड्यांच्या रांगा व तक्ते यांवरील क्रिया नेमक्या सांगता याव्यात, म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती रचली. ती फळ्यासाठी होती. यंत्र नंतर आले. विद्यापीठाने मात्र त्यांना कायम केले नाही. १९६० मध्ये ते आयबीएममध्ये रुजू झाले. १९६२ मध्ये त्यांचे ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ प्रसिद्ध झाले आणि या नावाच्या आद्याक्षरांवरूनच भाषेला ‘एपीएल’ म्हटले जाऊ लागले. १९७९ मध्ये ते ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले.

एपीएलची चिन्हे साध्या कळफलकावर नव्हती, हा तिच्या प्रसारातील मोठा अडसर. सत्तरीच्या उंबरठ्यावर आयव्हर्सन यांनी तो दूर करायला घेतला आणि रॉजर हुई यांच्या साथीने १९९० मध्ये ‘जे’ ही नवी भाषा आणली. तिचे वर्णन त्यांनी शाळेतल्या व्याकरणाच्या शब्दांत केले. आकडे आणि त्यांच्या रांगा ही नामे. अधिक, वजा ही क्रियापदे. क्रियापदाला जोडून त्याची रीत बदलते ते क्रियाविशेषण: अधिकच्या चिन्हापुढे तिरपी रेघ दिली की ती क्रिया रांगेतील सर्व आकड्यांच्या मधोमध बसते, आणि ३, ४, ५ यांचे उत्तर १२ येते. या जोडीला ‘बेरीज’ असे नाव देऊन ती क्रियापदासारखी कुठेही वापरता येते. मूल्याला दिलेले नाव ते सर्वनाम.

नाव देण्याच्या चिन्हाचा त्यांनी केलेला विचार तर विशेष मार्मिक आहे. अनेक संगणकभाषांत त्यासाठी बरोबरचेच चिन्ह वापरतात. मग ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ यासारखी ओळ समोर आली की गणिताचा विद्यार्थी बुचकळ्यात पडणारच. आयव्हर्सन यांनी बरोबरचे चिन्ह तुलनेसाठी राखले. एपीएलमध्ये नाव देण्यासाठी डावीकडे वळलेला बाण होता. ‘जे’मध्ये बरोबरच्या चिन्हाला एक वा दोन टिंबे जोडली, आणि त्याचा उच्चार ठरवला ‘आहे’.

या भाषांची अतिसंक्षिप्त ओळ नवख्याला कोड्यासारखी वाटते, हा आक्षेप खराच. व्याकरण उमगलेल्यांची निष्ठा मात्र अढळ राहिली. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘जे’च्या एका पाठावर काम करीत असतानाच आयव्हर्सन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९ ऑक्टोबरला टोरांटोत त्यांचे निधन झाले.