राघोबादादा : दुसऱ्यांच्या नाटकातला राजा

आम्हाला बी.ए.ला ‘हॅम्लेट’ नेमले होते. बहुतेक तास त्या राजपुत्राच्या मनाच्या घालमेलीवर खर्च झाले. त्याच्या चुलत्याच्या, म्हणजे क्लॉडियसच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला. मला मात्र तो चुलताच सारखा दिसत राहिला. भावाचा खून करून तो गादीवर बसतो, परराज्यात वकील धाडतो, कारस्थाने रचतो, आणि एवढे करूनही नाटक काही त्याचे होत नाही. युरोपातल्या प्रबोधनकाळच्या शोकांतिकांत असे राजे पुष्कळ भेटतात. ‘ऑथेल्लो’तला व्हेनिसचा ड्यूक पहिल्या अंकात न्याय देतो आणि निघून जातो. सत्ता यांच्या हाती. शोकांतिका मात्र दुसऱ्याची.

आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ या नावाने आणले. पण पुतण्याच्या रक्ताचा डाग लागलेला चुलता मराठी माणसाला शेक्सपिअरकडून उसना घ्यावा लागला नव्हता. तो पुण्याच्या शनिवारवाड्यात होऊन गेला होता.

आमचे घर सुरतेत, लिंबायत भागात. खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे तिथे आहेत आणि घराघरांत मराठी चालते. सुरत म्हटले की आम्हा मुलांना शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवत. त्यानंतर शंभर वर्षांनी एक पदच्युत पेशवा जीव मुठीत धरून याच शहरात आला होता, हे मला कॉलेजात येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव आणि नानासाहेब पेशव्यांचे धाकटे भाऊ. जन्म १७३४ चा. तरुणपणी त्यांनी जे केले ते कोणाही सेनापतीला भूषण ठरावे. १७५८ च्या एप्रिलमध्ये ते लाहोरात होते, आणि त्यांच्या मोहिमेतल्या फौजा पुढे अटकेला पोचल्या. अटकेपार झेंडे लावणे हा वाक्प्रचार आपण परीक्षेतल्या यशालाही वापरतो, पण तो वापरताना दादांची आठवण किती जणांना होते? उत्तरेहून ते कर्ज घेऊन परतले. पुढच्या मोहिमेवर सदाशिवरावभाऊ गेले आणि १७६१ चे पानिपत घडले. मराठी माणसाच्या मनातली सर्वांत मोठी शोकांतिका अशी दादांना वगळूनच झाली.

त्याच वर्षी नानासाहेब वारले. गादीवर सोळा वर्षांचे माधवराव आले. अटकेपर्यंत दरारा बसवलेल्या चुलत्याने मिसरूड न फुटलेल्या पुतण्यापुढे मुजरा करायचा, हे दादांना सोसले नाही. १७६२ मध्ये आळेगावी त्यांनी पुतण्याला शरण यायला लावले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईत निजामाच्या फौजेने दादांना घेरले, तेव्हा त्याच पुतण्याने त्यांना सोडवले. तरी तंटा मिटला नाही. अखेर १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. धोडप नाशिक जिल्ह्यात आहे. चुलत्यावर जय मिळवून पुतण्याला काय वाटले असेल, हा प्रश्न मला त्या लढाईपेक्षा मोठा वाटतो.

माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले आणि नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी वाड्यात शिरले. पोर चुलत्याच्या आश्रयाला धावले, पण वाचले नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दादांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. लोकांनी मात्र खापर आनंदीबाईंवर फोडले. हुकमातल्या ‘ध’ चा ‘मा’ त्यांनी केला, ही कथा इतकी रुजली की तिची म्हण झाली. मला ती फार सोयीची वाटते. तिने बाईला कृत्या केले आणि दादांना बाईलबुद्धे. म्हणजे गुन्हासुद्धा त्यांचा स्वतःचा राहिला नाही. खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले. त्यातही दादा पेशवे असले तरी एका बाजूला आनंदीबाई आणि दुसऱ्या बाजूला रामशास्त्री अशा कात्रीत सापडलेले दिसतात. प्रेक्षक टाळ्या देतात त्या शास्त्रीबुवांना!

पेशवाईची वस्त्रे मिळाली खरी, पण वर्षभरही टिकली नाहीत. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेले. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी बारभाईंच्या फौजेचा मोड केला. त्या लढाईत त्र्यंबकराव पेठे पडले. पण जिंकलेला पेशवा पुण्याकडे न वळता उत्तरेकडे निघाला. १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा जन्मला आणि चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या बाळाला पेशवा केले गेले. हेच सवाई माधवराव.

पुढच्या फेब्रुवारीत मही नदीकाठी हरिपंत फडक्यांनी दादांना गाठून पिटाळले. आनंदीबाई धारला होत्या. तिथे महिन्यापूर्वीच त्यांना मुलगा झाला होता, तो पुढचा दुसरा बाजीराव. दादा खंभातहून भावनगरला आणि तिथून समुद्रमार्गे सुरतेला पोचले. सुरतेचा किल्ला १७५९ पासून इंग्रजांकडे होता. ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची. दादांनी दरमहा दीड लाख रुपये खर्च सोसायचा, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवायचे, साष्टी आणि वसई द्यायची, शिवाय सुरत आणि भडोचच्या उत्पन्नातला वाटा द्यायचा. साष्टीतला ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबरात घेतला होता. वसई तर दादांचे सख्खे चुलते चिमाजीअप्पा यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून मोठी किंमत मोजून जिंकली होती. ती त्यांनी कागदावर देऊन टाकली.

दिवाळीच्या सुट्टीत मी चौकातला तापीकाठचा किल्ला पाहायला गेलो. आता त्याची डागडुजी होऊन आत संग्रहालय झाले आहे. तटावर उभा राहिलो तेव्हा दादांचा राग येण्याऐवजी कणव आली, हे मान्य केले पाहिजे. वसईची आठवण त्या दिवशी त्यांना झाली नसेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर त्यांच्याच नावाने चाललेल्या युद्धात ते केवळ एक कलम उरले. कलकत्तेकरांनी सुरतेचा तह मोडीत काढून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. दादांसाठी पेन्शन ठरले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हार खाल्ली, तेव्हा दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. उत्तरेकडे नेले जात असता ते निसटले आणि पुन्हा सुरतेला इंग्रजांकडे आले. शेवटी १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. त्यात दादांना महिना पंचवीस हजार रुपये आणि आवडेल तिथे राहण्याची मुभा मिळाली.

त्यांनी गोदावरीकाठचे कोपरगाव पसंत केले. ११ डिसेंबर १७८३ रोजी ते तिथेच वारले. वय एकोणपन्नास. आनंदीबाई तेव्हा पुन्हा गरोदर होत्या. पुण्यात त्या नऊ वर्षांच्या पेशव्याच्या नावाने नाना फडणीस कारभार पाहत होते.